शहामृगाच्या घरट्यात नेमकी कुणाची अंडी?

सावळागोंधळ (धागाकर्ता)

गेल्या सप्टेंबरात ऑफिसच्या कामासाठी दोन आठवडे नैरोबीत होतो. मधला रविवार मोकळा मिळाला म्हणून आम्ही चौघं नैरोबी नॅशनल पार्कात गेलो. १९४६ सालचं हे जंगल शहराला इतकं खेटून आहे की जिराफाच्या मागे टोलेजंग इमारती दिसतात. सगळ्यांना सिंह बघायचा होता. तो काही दिसला नाही. पहाटे गेटातून आत शिरल्या शिरल्या लांबून डरकाळी तेवढी ऐकली, त्यावरच समाधान मानलं.

नऊच्या सुमाराला ड्रायव्हरने गाडी थांबवून बोट दाखवलं. रस्त्यापासून पन्नासेक पावलांवर एक वारूळ होतं. निदान मला तरी ते वारूळच वाटलं. दुर्बीण लावली तर शहामृगाची मादी, मान जमिनीवर सरळ टाकून बसलेली. पाच-दहा मिनिटं गेली, मग ती उठली, चोच खाली घालून काहीतरी उलटंपालटं करायला लागली, आणि तिच्या पायांमधून अंडी दिसली. पसरट खड्ड्यात जुन्या हस्तिदंतासारख्या रंगाची, सोललेल्या नारळाएवढी अंडी. मी वीसपर्यंत मोजली. खड्ड्याच्या बाहेर, हात-दीड हातावर, आणखी सात-आठ विखुरलेली होती.

मी म्हटलं, घरंगळली बिचारीची. ड्रायव्हर हसला. म्हणाला, "ती तिची नाहीत. तिनेच ढकललीत बाहेर. आत आहेत त्यातलीही सगळी तिची नाहीत."

हा भुंगा डोक्यात घेऊन परत आलो आणि महिनाभर मिळेल ते वाचत सुटलो. त्यातून समजलं ते लिहितो, चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

आधी नावाची गंमत. फारसीत शुतुर म्हणजे उंट आणि मुर्ग म्हणजे पक्षी, म्हणून शुतुरमुर्ग, उंटपक्षी. हिंदीने तो जवळजवळ तसाच ठेवला. आपल्याकडे येईपर्यंत शुतुरचा शहा झाला आणि मुर्गाचा मृग. म्हणजे ज्याचा राजाशीही संबंध नाही आणि हरणाशीही नाही, असा हा पक्षी. १७५८ साली स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने दिलेल्या शास्त्रीय नावात, स्ट्रुथिओ कॅमेलसमध्ये, तोच उंट बसलाय.

आता घरटं. घरटं कसलं, नराने पायाने उकरलेला उथळ खड्डा. त्याच्या हद्दीत एक 'थोरली' मादी असते आणि येऊनजाऊन असणाऱ्या काही 'धाकट्या'. (हे शब्द माझे. शास्त्रज्ञ मुख्य आणि दुय्यम म्हणतात, पण थोरली-धाकटी म्हटलं की आपल्याला बरोबर चित्र दिसतं.) थोरली दिवसाआड एक अंडं घालते. त्याच खड्ड्यात धाकट्याही येऊन घालतात, आणि थोरली चक्क उठून बाजूला होते, त्यांना घालू देते. धाकट्या अंडी घालून चालू पडतात. उबवणं, राखण, काही नाही. सहा आठवडे खुडूक बसायचं काम फक्त थोरलीचं आणि नराचं. दिवसा ती बसते, मातकट रंगाची, गवतात मिसळून जाणारी. संध्याकाळपासून सकाळपर्यंत काळा नर बसतो.

अंडी होतात तीस-चाळीस आणि एका अंगाखाली मावतात वीसेक. मग काय करायचं? थोरली जादाची अंडी ढकलून कडेला लावते. १९७०च्या दशकात ब्रायन बर्ट्रम नावाच्या संशोधकाने केनियातल्याच त्सावो वेस्ट अभयारण्यात हे बारकाईने पाहिलं. कोणतं अंडं कुणी घातलं याची नोंद ठेवली. बाहेर ढकललेल्यांत थोरलीची स्वतःची अंडी जवळपास नसतातच. चाळीस पांढऱ्या गोळ्यांमधून ती आपली ओळखते. आपल्याला सगळी सारखी दिसतात. पण आकार, चकाकी, कवचावरच्या बारीक छिद्रांची नक्षी यात फरक असतो आणि तिला तो पुरतो.

आणि या बाईंना आपण जगातला सर्वात मूर्ख पक्षी म्हणतो! वाळूत डोकं खुपसणारा, वगैरे. त्यावर खाली बोलूच.

*

चौकटीबाहेरचा

मस्त धागा. पण एक कळलं नाही. थोरली जर एवढी हुशार आहे तर धाकट्यांची सगळीच अंडी का नाही फेकून देत? दुसऱ्यांची दहा अंडी फुकट उबवायची म्हणजे धर्मशाळाच झाली. निसर्गात असलं समाजकार्य कुणी करत नाही.

*

सावळागोंधळ

समाजकार्य अजिबात नाही, शुद्ध हिशेब आहे. घरटं उघड्यावर, जमिनीवर. तरस, कोल्हे, गिधाडं टपलेली. कोल्ह्याने एक अंडं पळवलं तर ते तिचं असण्याची शक्यता किती? एकटीचीच दहा असती तर शंभर टक्के. तिची दहा आणि परकी वीस असतील तर एक तृतीयांश. त्यातही परकी कडेला आणि तिची मध्यभागी. म्हणजे चोराच्या हाताला आधी लागतील ती धाकट्यांची. अंग एवढं मोठं आहे की तिच्या स्वतःच्या दहांनंतर जागा उरतेच, ती परक्या अंड्यांनी भरली तर तिच्या खिशातून काही जात नाही.

*

चौकटीबाहेरचा

हम्म. मग धाकट्यांचं काय? त्या का घालतात असल्या ठिकाणी, जिथे आपलं अंडं ढाल म्हणून वापरलं जाणार?

*

पाखरवेडी

मी सांगते. धाकटीकडे त्या वेळी स्वतःचं घरटं नसतं. जोडीदार मिळालेला नसतो, किंवा होतं ते घरटं तरसाने साफ केलेलं असतं. घरट्यांची नासधूस फार होते त्यांच्यात. मग अंडं उघड्या माळावर टाकण्यापेक्षा कुणाच्या तरी खड्ड्यात टाकलेलं बरं. वीसात नंबर लागला तर लागला.

आणि थोरली-धाकटी हे कायमचे हुद्दे नाहीत हं. इथली थोरली शेजारच्या हद्दीत जाऊन धाकटी म्हणून अंडी घालून येते. गंमत म्हणजे, सावळागोंधळ, तुम्ही गेलात त्याच नैरोबी पार्कातल्या घरट्यांची जनुकीय तपासणी झालेली आहे, २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. उबवल्या जाणाऱ्या अंड्यांपैकी निम्म्याहून जास्त अंडी त्या बसणाऱ्या जोडप्याची, म्हणजे दोघांची मिळून, नव्हतीच. नरालाही वाटत असेल सगळी माझीच. तुमचा आयडी या धाग्याला शोभतोय.

*

सावळागोंधळ

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). दंडवत घ्या, पाखरवेडीताई. हा पेपर माझ्या नजरेतून सुटला होता.

*

कोरडवाहू

आमच्या भागात (सोलापूर जिल्हा) शहामृग म्हटलं की लोक अजून शिव्या घालतात. २०११च्या आसपास गावात इमू आले होते. सगळं गाव त्यांना शहामृगच म्हणायचं. एका कंपनीने पिल्लांच्या जोड्या दिल्या, खाद्य त्यांच्याकडूनच घ्यायचं, पक्षी मोठे झाले की परत विकत घेणार असा करार. तेल, मांस, कातडी, पिसं, सगळ्याला भाव सांगितला. माझ्या चुलत्यांनी डाळिंबाचे पैसे त्यात घातले. वर्ष-दीड वर्षात कंपनीचा फोन लागेनासा झाला. खाद्याला पैसे नाहीत, पक्षी मरायला टेकलेले. काहींनी रात्रीचे माळावर सोडून दिले.

त्या वर्षभरात मी इमू जवळून बघितला म्हणून सांगतो, शहामृग वेगळा. इमू ऑस्ट्रेलियाचा, पायाला तीन बोटं. अंडं गडद हिरवं, जवळजवळ काळपट. आणि त्यांच्यात मादी अंडी घालून निघून जाते, नर एकटा आठ आठवडे बसतो, खाणंपिणं जवळपास सोडून. आमच्या चुलत्यांचा एक नर फाटक्या बारदानावर असा बसला होता की त्याला उठवायला कुणाचं मन होईना. अंडी पुढे फुटलीच नाहीत, ती गोष्ट वेगळी.

अवांतराबद्दल माफी.

*

पाखरवेडी

कोरडवाहू, अवांतर कसलं, वाचून वाईट वाटलं. चुलते सावरले का नंतर?

*

कोरडवाहू

सावरले. आता शेळ्या आहेत.

*

हाडवैद्य

पायावरून आठवलं. माझा प्रांत माणसाची हाडं, पण शहामृगाच्या पायाचं मला फार कौतुक आहे.

पहिली गोष्ट, त्याचा गुडघा 'उलटा' वाकतो असं सगळ्यांना वाटतं. तो गुडघा नव्हेच, तो घोटा. खरा गुडघा वर पिसांत, पोटाला चिकटून असतो. म्हणजे हा प्राणी जन्मभर चवड्यावर, तेही बोटांच्या टोकावर उभा. बोटं दोनच. आजच्या पक्ष्यांत दोन बोटांचा हा एकटाच. मोठ्या बोटाला जाड नखी, जवळपास खुरासारखी. घोड्याने जे केलं, बोटं कमी करत पाय हलका केला, तेच यानेही केलंय. स्नायूंचा गठ्ठा वर मांडीत आणि खाली नुसत्या लांब कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर), ज्या रबरासारख्या ताणून परत उसळतात. ताशी ७० किलोमीटरपर्यंत जातो. उसेन बोल्टचा सर्वोच्च वेग ४४च्या आसपास होता, तोही काही सेकंदच.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. शहामृगाच्या गुडघ्याला वाट्या दोन असतात, एकाखाली एक. का, यावर अजून वाद चालू आहे. माझ्याकडे येणाऱ्या आज्यांना एकच वाटी पुरे होते छळायला.

लाथ पुढच्या दिशेने बसते, मागे नाही. त्या नखीने माणसाचं पोट फाटल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा गाडीतून उतरला नाहीत ते बरं केलंत.

*

आईची_धावपळ

लेकीला (वय ७) धागा वाचून दाखवला. तिचे तीन प्रश्न. १. मग तो वाळूत डोकं का घालतो? २. झोपतो कसा? ३. दगड खरंच खातो का? मी तर चाट पडले. मदत करा.

*

सावळागोंधळ

पहिल्याचं उत्तर मी देतो, वर कबूल केलंच होतं. घालत नाही. घातलं तर गुदमरेल. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलं की हा पक्षी मान झुडपात खुपसतो आणि अख्खं अंग लपलं असं समजतो. झुडपाची वाळू नंतर कधीतरी झाली. खरं काय दिसतं ते मी पाहिलं: घरट्यावर धोका वाटला की मान जमिनीवर सपाट टाकतो, लांबून नुसता उंचवटा दिसतो. आणि दिवसातून अनेकदा चोच खड्ड्यात घालून अंडी फिरवतो. उन्हाच्या झळांमधून शंभर मीटरवरून बघितलं तर डोकं जमिनीत गेल्यासारखंच दिसेल.

लेकीला सांगा, तिच्या आईला जे वारूळ वाटेल ते शहामृग असू शकतं.

*

पाखरवेडी

दुसरा प्रश्न झकास आहे. दक्षिण आफ्रिकेत काही शहामृगांच्या झोपेची मेंदूला तारा लावून तपासणी झाली, २०११ मध्ये छापून आली. गाढ झोपेत तो मान ताठ ठेवून, डोळे टक्क उघडे ठेवून बसतो. बघणाऱ्याला वाटेल पहारा देतोय. स्वप्नांच्या झोपेत मात्र डोळे मिटतात, मान डुलते, खाली कलते. आणि त्या वेळी मेंदूचा पुढचा भाग मधूनच गाढ झोपेत जातो, मधूनच परत येतो. असा प्रकार तोवर प्लॅटिपस या अंडी घालणाऱ्या सस्तन प्राण्यात माहीत होता, पक्ष्यांत नाही. वर्गात डोळे उघडे ठेवून झोपायची कला तिला आत्ताच सांगू नका.

डोळ्यांचं आलंच आहे म्हणून: डोळा ५ सेंटिमीटर व्यासाचा, जमिनीवरच्या कुठल्याही कणावाल्या प्राण्यापेक्षा मोठा. मेंदू त्या डोळ्यापेक्षा लहान. (हे वाचून कुणी परत 'मूर्ख'वर येऊ नये.)

*

मीठभाकर

नमस्कार, जोहान्सबर्गहून. तिसऱ्या प्रश्नाचं मी बोलतो. हो, दगड खातो. दात नाहीत, आणि कोंबडीला असते तशी गळ्यातली अन्नाची पिशवीही नाही. कलेजी-पेठा खाल्लाय ना? त्यातला पेठा म्हणजे पक्ष्याचं जातं. शहामृगाच्या जात्यात किलोभर खडे असू शकतात, ते वाळकं गवत-पाला दळतात. पुढे आतडी १४ मीटर लांब, तिथे चोथा आंबवून त्यातूनही तो पोषण काढतो. म्हणून इथल्या, दक्षिण आफ्रिकेतल्या 'करू'सारख्या कोरड्या भागातही बाबा टुणटुणीत.

करू म्हणजे औट्सहोर्न गावाचा मुलूख. मी तिथे दोनदा गेलोय. शंभर वर्षांपूर्वी युरोपातल्या बायकांच्या हॅटवर शहामृगाची पिसं असायची, आणि ती बहुतेक इथून जायची. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेच्या निर्यातीत सोनं, हिरे, लोकर यांच्या खालोखाल चौथा नंबर पिसांचा. शेतकऱ्यांनी पिसांच्या पैशावर वाळूच्या दगडाचे महाल बांधले, ते अजून उभे आहेत. १९१४ ला सगळं कोसळलं. महायुद्ध, बदललेली फॅशन, आणि मोटारी. उघड्या मोटारीत एवढी मोठी हॅट डोक्यावर टिकेना. कोरडवाहूंनी लिहिलं ते वाचताना मला हेच आठवत होतं.

आता भुर्जी. फार्मवरून एक अंडं विकत आणलं, दीड किलोला थोडं कमी. कवच दोन मिलिमीटर जाड, हाताला चिनीमातीसारखं, त्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे. सुरीने काही होईना. शेवटी शेजाऱ्याकडून ड्रिल मशीन आणलं, भिंतीला भोक पाडतात तसं पाडलं. आत काडी घालून ढवळलं आणि पातेल्यात ओतलं. ओततोय, ओततोय, संपेचना. साधारण दोन डझन कोंबडीच्या अंड्यांचा ऐवज. सहा कांदे लागले. अकरा माणसं जेवली आणि डब्यात उरली. चव? कोंबडीच्या अंड्यापेक्षा जरा उग्र, पिवळ्याचा चिकटपणा जास्त. हिरवी मिरची सढळ घातली तर कळत नाही. बायकोने कवच धुऊन ठेवलंय, त्यात दिवा करणार म्हणते, तीन वर्षं झाली.

*

गिरणाकाठ

कवचावरून राहवलं नाही. मी चाळीसगावचा. आमच्या तालुक्यात पाटणे आहे, पाटणादेवीमुळे बऱ्याच जणांना माहीत असेल. तिथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये उत्खनन केलं. त्यात शहामृगाच्या अंड्याची कवचं निघाली! त्यांचे बारीक गोल मणी केलेले, आणि एका तुकड्यावर कोरलेली नक्षी: समांतर रेघा आणि त्यांच्यामध्ये फुल्याफुल्या. सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचं.

म्हणजे शहामृग आपल्याकडे होता. राजस्थान, मध्य प्रदेश, महाराष्ट्र मिळून चाळीसहून जास्त ठिकाणी कवचं मिळाली आहेत. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अशा कवचांतून डीएनए काढला आणि ती आफ्रिकी शहामृगाच्या नात्यातलीच निघाली.

मध्यंतरी बऱ्याच ठिकाणच्या कवचांवर 'नक्षी' सापडल्याचा गाजावाजा झाला होता. नीट बघितल्यावर त्यातल्या बहुतेक रेघा झाडांच्या मुळांनी खाल्लेल्या निघाल्या. पाटण्याची मात्र खरी ठरली, माणसाच्या हाताची. एवढा अभिमान आम्हाला करू द्या.

*

चौकटीबाहेरचा

च्यायला! हे शाळेत कुणी सांगितलं नाही. मुंबईहून जळगावला जाताना चाळीसगावला चहा प्यायलोय मी. बाजूला शहामृग होते म्हणजे.

*

गिरणाकाठ

उशिरा आलात २५,००० वर्षं. चहा कायम आहे.

*

हाडवैद्य

एक शंका. अंडं पांढरंफटक, उघड्यावर, गिधाडांना आभाळातून दिसणार. मातकट का नाही झालं उत्क्रांतीत?

*

पाखरवेडी

छान प्रश्न, आणि याचं उत्तर कुणीतरी रंगाचा ब्रश घेऊन शोधलंय. अंडी तपकिरी रंगवून उन्हात ठेवली तर ती पांढऱ्यांपेक्षा बरीच जास्त तापली. बसायला सुरुवात व्हायच्या आधी अंडी दोन-तीन आठवडे उघडी पडलेली असतात, तेव्हा आतला जीव शिजून गेला तर रंग लपवून काय फायदा? दिसण्याचा धोका पत्करला, शिजण्याचा नाही.

गिधाडांचं म्हणाल तर एकच जात खरी डोकेबाज. पांढरं गिधाड, इजिप्शियन व्हल्चर, जे आपल्याकडेही दिसतं. कवच चोचीने फुटत नाही म्हणून चोचीत दगड उचलून अंड्यावर आपटतं, फुटेपर्यंत. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल यांनी १९६६ मध्ये टांझानियातून हे जगाला सांगितलं.

बरं, सावळागोंधळ, तुम्ही लिहिलंय पहाटे डरकाळी ऐकली. एकदाच लांबलचक होती, की हुं… हुं… हूंऽऽऽ अशी, दोन तुटक आणि तिसरी लांब?

*

सावळागोंधळ

दोन तुटक आणि तिसरी लांब. बरोब्बर. तुम्हाला कसं कळलं?

*

पाखरवेडी

कारण सप्टेंबरात नर हद्द राखत असतात. चोच बंद ठेवून मान फुग्यासारखी फुगवतात आणि असा आवाज काढतात. लांबून भले भले फसतात, सिंहच वाटतो. तो तुमच्या थोरलीचा नवरा असणार.

*

सावळागोंधळ

मेलो. मी ते मोबाइलवर रेकॉर्ड करून 'सिंहाची डरकाळी, लाइव्ह' म्हणून ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं होतं. साहेबांनी अंगठा दिलाय त्याला. आणि त्यांच्या मुलाने रिंगटोन केलीय.